गॅस बंद केला होता ना?

माझ्या फोनमधे गेल्या महिन्यापर्यंत रेग्युलेटरचे ४१७ फोटो होते. रेग्युलेटर म्हणजे तोच, सिलेंडरवर बसवतो तो. लोकांच्या गॅलरीत मुलांचे फोटो असतात, सहलीचे असतात, नातेवाईकांनी पाठवलेली सुप्रभातची फुलं असतात, माझ्याकडे मात्र ओट्याखालचा अंधार, सिलेंडरची लाल कड आणि मधोमध तो रेग्युलेटर, रोज सकाळी साडेसात ते आठच्या मधला, रविवार सोडून. लेक एकदा माझ्या फोनमधे तिच्या फीची पावती शोधत होती, खाली खाली जाता जाता थांबली आणि म्हणाली, "आई, तू याचं प्रदर्शन भरवणारेस का?" मी हसले. पण पोटात कसंतरीच झालं, कारण तोपर्यंत मला वाटायचं की हे घरात कोणाच्या लक्षातच आलेलं नाहीये.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एकदा गॅस खरंच चालू राहिला होता. बारीक गॅसवर दूध ठेवून मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गेले, तिथे जुन्या बिल्डिंगमधली एक बाई भेटली आणि तुम्हाला माहितीच आहे मग काय होतं, पाऊण तास गेला. परत आले तर जिन्यातच वास. पातेलं काळं ठिक्कर, दुधाचा पत्ता नाही, बाकी काहीही झालं नव्हतं. पातेलं दोन दिवस भिजत ठेवलं, घासलं, तरी निघेना, शेवटी भंगारात दिलं आणि विषय संपला असं मला वाटलं.

पंधरा-वीस दिवसांनी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर, गर्दीत, एका हाताने ओढणी सांभाळत जिना चढत असताना अचानक डोक्यात आलं, गॅस बंद केला का आपण? आणि आठवायला गेले तर काय आठवलं म्हणता, सगळं आठवलं. बटण फिरवणारा हात, खाली वाकणं, रेग्युलेटर बंद करणं, सगळं डोळ्यासमोर स्वच्छ. फक्त ते आजचं होतं का कालचं का परवाचं तेवढंच कळेना. वीस वर्षं रोज तोच हात तेच बटण फिरवतोय, मग डोकं त्याची रोज वेगळी नोंद कशाला ठेवेल? हात जे आपोआप करतात त्याची पावती मिळत नाही. आपण ती नंतर मागायला जातो आणि मग भांडण सुरू होतं.

त्या दिवशी मी परत फिरले. रिक्षा केली, घरी गेले, गॅस बंद होता. ऑफिसला लेट मार्क. पण ते "हुश्श" काय होतं सांगू! गार पाण्यासारखं. त्या हुश्शनेच माझा घात केला हे आत्ता कळतंय, तेव्हा वाटलं की बरं झालं बघून आलो, आता शांत. दुसऱ्या दिवशी पुलाच्या त्याच पायरीवर तोच प्रश्न, जणू काही तिथे माझी वाटच बघत उभा होता.

मग चढती भाजणी सुरू झाली. आधी निघताना एकदा बघायचे, मग दोनदा, मग नुसतं बघून भागेना म्हणून शेगडीची बटणं एकेक दाबून, तोंडाने "एक, दोन, तीन" करत, मग खाली वाकून रेग्युलेटर. मग कुठेतरी वाचलं की एलपीजीला स्वतःचा वासच नसतो, गळती कळावी म्हणून त्यात तो घाणेरडा वासाचा पदार्थ मुद्दाम घालतात, आणि हा गॅस हवेपेक्षा जड असतो त्यामुळे खाली साठतो. झालं. आता मी ऑफिसच्या ड्रेसमधे, खांद्याला पर्स, गुडघ्यावर बसून फरशीचा वास घेतेय. नवरा चप्पल घालून दारात उभा. काहीच बोलला नाही तो, पण ते न बोलणं फार मोठ्याने ऐकू आलं.

(खरंच कधी वास आला तर वास घेत बसू नका हं, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लाईटच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. मी बोलतेय ते वास येत नसताना वास घेण्याबद्दल.)

समोरच्या काकूंकडे आमची एक किल्ली असते. ट्रेनमधून त्यांना फोन करायला लागले. "काकू, जरा डोकावता का हो?" पहिले तीन-चार वेळा "अगं त्यात काय, बघते की" असं प्रेमाने आलं. मग आवाजात जरा थांबणं आलं. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं मी कालच सांगितलं ना बंद आहे, आज कशाला चालू असेल?" तर्क बघा काकूंचा. पण मला लाज वाटली आणि मी फोन बंद केले, आणि त्याच आठवड्यात मला ती फोटोची आयडिया सुचली.

तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश होते! निघताना एक फोटो काढायचा, पुलावर प्रश्न आला की फोटो उघडायचा, बंद दिसतोय, विषय मिटला. कोणाला त्रास नाही. महिनाभर स्वर्ग होता. मग एकदा वाटलं हा फोटो आजचाच आहे ना, म्हणून तारीख-वेळ बघायला लागले. मग बोटांनी मोठा करून बघायला लागले. मग वाटलं खालून बंद आहे ठीक आहे, पण शेगडीचं काय, म्हणून शेगडीचा एक फोटो, मग गीझरचा, मग कुलपाचा. वरचा ४१७ चा आकडा फक्त रेग्युलेटरचा आहे, बाकीचे मोजायची हिंमत झाली नाही.

हे लिहिताना अण्णा आठवतायत, माझे वडील. आमच्याकडे कुलूप लावलं की अण्णा त्याला लोंबकळायचे. अक्षरशः. पितळी नवताल होतं, जड, चांगलं मुठीएवढं, ते तीनदा ओढायचे, दोन पायऱ्या उतरायचे, परत वर जाऊन एकदा ओढायचे. गणपतीला कोकणात निघालो की रिक्षा खाली उभी, आईच्या मांडीवर करंज्यांचा डबा, आम्ही भावंडं आत कोंबलेली, आणि अण्णा वर कुलपाशी. आम्ही खाली मोजायचो, "तिसरा... आता उतरतील... नाही, गेले परत." काय हसायचो आम्ही. आई म्हणायची त्यांचा स्वभावच आहे, चोख माणूस. आणि होतेच ते चोख, बँकेत होते, हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे झालेला चालायचा नाही. पण आता वाटतं तिथे उभं असताना त्यांच्या आत काय चाललं असेल ते आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. आपल्याकडे या गोष्टीला "चोख", "काळजीवाहू", "अति व्यवस्थित", आणि बाई असेल तर "सोवळ्याची", असे इतके सभ्य शब्द आहेत ना की आत माणूस दमलाय हे दिसतच नाही.

तर लेकीच्या त्या प्रदर्शनाच्या जोकनंतर मी रात्री बसून वाचायला लागले. आणि एक प्रयोग सापडला तो वाचून मी चक्क उठून बसले. मार्सेल वॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट म्हणून दोघं नेदरलँड्सचे संशोधक, त्यांनी २००३ मधे छापलाय. यांनी साध्यासुध्या, काही आजार नसलेल्या विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर एक खोटी गॅसची शेगडी दिली. गॅसची! म्हणजे जगात सगळीकडे हेच आहे. बटणं फिरवायची, चालू-बंद करायची, आणि मग तपासायचं. अर्ध्यांना त्या शेगडीचीच तपासणी परत परत करायला लावली, आणि बाकीच्यांना मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासायला दिले. शेवटी दोन्ही गटांना एकदा शेगडी तपासायला लावून विचारलं, आत्ता कोणती बटणं तपासलीत, आणि किती खात्री आहे?

बरोबर उत्तरं दोन्हीकडे जवळपास सारखीच आली. पण ज्यांनी शेगडी सारखी सारखी तपासली होती त्यांना आठवण पुसट वाटत होती, तपशील विरलेले, आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास धडाधड खाली आलेला. नंतर कॅनडात मॉन्ट्रियलला अॅडम रॅडोम्स्की आणि त्यांच्या लोकांनी खऱ्या स्वयंपाकघरात खरी शेगडी घेऊन २००६ मधे हेच करून बघितलं, दुसऱ्या गटाला सिंकचा नळ दिला होता, तरी तेच. आणि आणखी एका अभ्यासात त्यांनी हे किती वेळा तपासल्यावर व्हायला लागतं ते शोधलं तर म्हणे दोन आणि दहाच्या मधेच कुठेतरी सुरू होतं. दहा! मी ते रोज दारात उभी राहून करत होते.

म्हणजे मी सगळा हिशोब उलटा मांडला होता. मला वाटत होतं माझी स्मरणशक्ती कच्ची झालीये, वय झालं, पाळी जायचे दिवस आलेत, म्हणून मला तपासावं लागतंय. मी बदामपण खात होते त्यासाठी. आणि इथे निघालं की मी तपासतेय म्हणून आठवण पुसट होतेय. एकच आकृती पाटीवर त्याच जागी परत परत गिरवली की शेवटी रेघ कुठे होती तेच कळत नाही ना, तसं. पंधरावी आठवण चौदाव्यावर बसते, चौदावी तेराव्यावर, आणि मग तुम्ही म्हणता मला आठवत नाहीये, परत एकदा बघून येते.

आणखी एक गोष्ट वाचून जरा बरं वाटलं. १९७८ मधे रॅकमन आणि डिसिल्व्हा या दोघांनी साध्या लोकांना विचारलं होतं की तुमच्या डोक्यात असे नको ते, घाबरवणारे विचार येतात का, तर साधारण ८० टक्के लोक हो म्हणाले. घर जळेल, मूल हातातून पडेल, प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं असताना उडी मारली तर, असले. म्हणजे विचार सगळ्यांनाच येतात. बहुतेकांच्या डोक्यात तो ट्रेनमधल्या फेरीवाल्यासारखा येतो, ओरडतो, पुढच्या स्टेशनला उतरतो. माझ्यासारखे लोक त्याला बसायला जागा देतात, चौथी सीट का होईना.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तपासणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो, आणि "मला जरा ओसीडी आहे" असं जे आजकाल कोणीही मसाल्याचे डबे ओळीत लावून म्हणतं ना, त्याने मला चीड येते. ओसीडी, म्हणजे नको तो विचार परत परत येणं आणि त्यापायी तीच कृती परत परत करावी लागणं, हा खरा आणि फार छळणारा आजार आहे. डॉक्टर लोक बघतात की दिवसातला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ यात जातोय का, किंवा माणसाचं काम, घर, झोप याने मोडून पडतंय का. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात. मंत्र म्हणताना चूक झाली की माणूस भ्रमिष्ट होतो अशा समजुतीतून आलेला शब्द आहे तो, आणि कारण खोटं असलं तरी चित्र मात्र किती अचूक आहे बघा: चुकलं का, परत म्हण, परत चुकलं का, परत म्हण. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला संशयाचं वेड म्हणायचे. तेही बरोबरच.

मी कुठे होते? सकाळची पंचवीस-तीस मिनिटं, प्लस ट्रेनमधली. म्हणजे उंबरठ्यावर. म्हणून गेले एका समुपदेशक बाईंकडे, ठाण्याला. नवऱ्याला आधी सांगितलं नाही, दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणाले. (दात दाखवायला कोणी लाजत नाही. असो.) बाई शांत होत्या, सगळं ऐकून घेतलं, फोटोही बघितले, आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही ट्रेनमधे हा फोटो उघडता तेव्हा नक्की काय बघता?" मी म्हणलं, गॅस बंद आहे ते. त्या म्हणाल्या, "बघता? की फोटो आहे याने बरं वाटतं?" मला तेव्हा तो प्रश्न शब्दांचा खेळ वाटला, खरं सांगते.

त्यांनी जे करायला सांगितलं ते ऐकायला इतकं सोपं आहे की राग येतो. निघताना गॅस एकदाच बंद करायचा, नीट, बघून. मग निघायचं. प्रश्न आला तर येऊ दे, त्याचं उत्तर द्यायचं नाही. परत जायचं नाही, फोटो नाही, काकूंना फोन नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे नवऱ्याला "तू बघितलंस ना?" विचारायचं नाही. कारण "हो गं, बंद आहे" हे उत्तरही तपासणीच आहे म्हणे, फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांनी केलेली. १९६६ मधे लंडनला व्हिक्टर मेयर म्हणून एका मानसशास्त्रज्ञाने दोन पेशंटवर पहिल्यांदा अशा पद्धतीने उपचार केले, जी भीती आहे तिच्यासमोर जायचं पण तिच्यासाठीचं कर्मकांड करायचं नाही, आणि आजही ओसीडीवर मुख्य उपचार हाच आहे, गरज असेल तिथे औषधांच्या जोडीने. माझं हे प्रकरण छोटं होतं म्हणून पाच-सहा बैठकांत भागलं, मोठं असेल तर जास्त वेळ लागतो आणि सायकिअॅट्रिस्टही लागतो. जवळपास कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगावंच लागलं, कारण त्यालाही काम दिलं होतं. मी विचारलं तर त्याने "माहीत नाही" एवढंच म्हणायचं. हे काम त्याने इतक्या उत्साहाने केलं की विचारू नका. "गॅस?" "माहीत नाही." "अरे पण..." "माहीत नाही." वीस वर्षांच्या संसारात माझी एवढी अचूक आज्ञा त्याने दुसरी कुठली पाळलेली नाही.

पहिला दिवस भयंकर होता. पुलावर प्रश्न आला, मी चालत राहिले, ट्रेनमधे चढले आणि डोंबिवली सुटल्या सुटल्या हाताला घाम. डोक्यात सिनेमा चालू, काकूंचा दरवाजा, धूर, फायर ब्रिगेड, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप (हो, ग्रुपवर लोक काय लिहितील तेपण आलं). ठाणं येईपर्यंत मला वाटलं उतरून परतीची गाडी पकडावी. नाही उतरले. यात माझं शौर्य काही नाही, दाराशी इतकी गर्दी होती की उतरताच आलं नसतं. आणि मुलुंड, भांडुप करत करत घाटकोपरच्या आसपास कधीतरी लक्षात आलं की मी संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार करतेय. भीतीला उत्तर मिळालं नव्हतं. ती कंटाळून गेली होती.

माझा मामेभाऊ रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आम्ही तर सिग्नल दिसला की मोठ्याने ओरडून सांगतो एकमेकांना, हात करून. म्हणजे डोळ्यांनी बघितलं, तोंडाने बोललं, कानाने ऐकलं. जपानमधल्या रेल्वेत तर हे फारच शिस्तीने करतात, बोट दाखवायचं आणि नाव घ्यायचं, आणि १९९४ मधे तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने मोजलं तेव्हा एका साध्या कामात शंभरामागे २.३८ चुका व्हायच्या त्या ०.३८ वर आल्या होत्या. तेव्हापासून मी गॅस बंद करताना मोठ्याने म्हणते, "बंद. आज मंगळवार, मटकीची उसळ." उसळ अशासाठी की रोजची आठवण वेगळी राहावी. ठाण्याच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल, पण एकदाच म्हणायचं." बरोबर पकडलं त्यांनी, कारण आदल्या दिवशी मी ते तीनदा म्हणले होते.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. यंदा गणपतीला निघालो तर पनवेलच्या पुढे जाऊन मी काकूंना फोन केलाच. चार दिवस घर बंद राहणार म्हणलं की अण्णा अंगात येतात. काकू म्हणाल्या "बंद आहे", आणि त्या बघायला उठल्यासुद्धा नव्हत्या हे मला आवाजावरून कळलं, मागे टीव्ही चालू होता.

गेल्या महिन्यात एका रविवारी ते फोटो काढून टाकायला बसले. सगळे एकदम निवडून डिलीट करता आले असते, पण म्हणलं एकेक बघू, निरोप देऊ. कंटाळवाणं काम हो, सगळे सारखेच. काही हललेले, एकात माझा अंगठा, एकात मांजर. दीडशे-पावणेदोनशे झाले असतील आणि एका फोटोवर हात थांबला. गेल्या वर्षीचा, जुलैचा, गुरुवार, सकाळी सात एकावन्न. फोटो एकदम स्पष्ट, फ्लॅशसकट, उरलेल्या ४१६ पेक्षा जास्त नीट आलेला. आणि रेग्युलेटर चालू होता. नॉब सरळ सरळ चालूच्या बाजूला.

तो गुरुवार मला अजिबात आठवत नाही. पण रोजच्यासारखाच गेला असणार, म्हणजे पुलावर प्रश्न आला असणार, मी पर्समधून फोन काढला असणार, हा फोटो उघडला असणार, तारीख बघितली असणार, दोन बोटांनी मोठा केला असणार, आणि हुश्श करून फोन परत आत टाकला असणार.

तो एक फोटो ठेवलाय. नवऱ्याला दाखवला आणि विचारलं, हा चालू आहे ना रे? तो म्हणाला, "माहीत नाही."